मेंदूरक्षक वनस्पतिजन्य संयुगे (रक्तस्रावी पक्षाघात)

मेंदूतील रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या पक्षाघातानंतर पेशींची पुढील हानी रोखता यावी, या हेतूने अभ्यासली जाणारी वनस्पतींतील रासायनिक द्रव्ये. हळदीतील कुर्क्युमिन, चहा व कोको यांतील एपिकॅटेचिन आणि द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल ही त्यांतील परिचित नावे. रत्नागिरी जिल्ह्यापुरते बोलायचे तर कोकमातील गार्सिनॉल विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र यांपैकी एकही संयुग भारतात या आजारावरील प्रस्थापित उपचार नाही.

हानीचे स्वरूप : मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के महिन्याभरात दगावतात. पहिली इजा गुठळीच्या दाबामुळे काही तासांतच होते. दुसरी इजा त्यानंतर अनेक दिवस चालू राहते. तांबड्या रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडते, त्यातील हीमचे विघटन होऊन लोह सुटे होते आणि त्यातून तीव्र मुक्त मूलके तयार होतात. पेशीपटलातील मेद बिघडून चेतापेशी मरतात; या पेशीमृत्यूला फेरॉप्टोसिस म्हणतात. थ्रॉम्बिन व मायक्रोग्लिया पेशींमुळे दाह आणि सूज वाढते. वनस्पतिजन्य संयुगांचा अभ्यास प्रामुख्याने या दुसऱ्या इजेवर केंद्रित आहे.

कार्यपद्धती : काही संयुगे पेशींची स्वतःची संरक्षक विकरे वाढवणाऱ्या एनआरएफ-2 या प्रथिनाला चालना देतात, तर काही दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालतात. कुर्क्युमिन व एपिकॅटेचिन यांनी उंदरांमधील मेंदू-रक्तस्रावाच्या प्रयोगांत सूज वा पेशीहानी कमी केल्याचे दिसले आहे. कुर्क्युमिन मात्र आतड्यातून फार थोडे शोषले जाते.

कोकम : पश्चिम घाटातील या वृक्षाच्या फळाची साल वाळवून आमसुले, रसापासून आगळ व बियांपासून मुठेल करतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' व 'कोकण हातीस' हे वाण दिले. सालीत गार्सिनॉल, हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि लाल रंग देणारी अँथोसायनिने असतात. गार्सिनॉल हे पी-300 या हिस्टोन अ‍ॅसिटिल ट्रान्सफरेज विकराला अडवते, हे 2004 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. उंदराच्या भ्रूणातील चेतापेशी व तारकापेशींवरही त्याचा अभ्यास झाला आहे. रुग्णांमधील रक्तस्रावी पक्षाघातावर ते उपयोगी पडते, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही.

मानवी चाचण्या : जिनसेंग, नोटोजिनसेंग, चुआनशिओंग व रेवंदचिनी यांपासून केलेल्या एफवायटीएफ-919 या चिनी औषधाची चाचणी चीनमधील 26 रुग्णालयांत 1,648 रुग्णांवर झाली. 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्लॅसिबोपेक्षा त्याचा लाभ दिसला नाही. याउलट भारतासह 10 देशांतील इंटरॅक्ट-3 या अभ्यासात (2023) रक्तदाब लवकर उतरवणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, या एकत्रित उपचारांनी रुग्णांची पुढील स्थिती सुधारली.

सावधगिरी : कुर्क्युमिनसारखी काही संयुगे रक्तबिंबिकांना एकत्र येण्यास अटकाव करतात, रक्तस्राव चालू असताना ते धोक्याचे ठरू शकते. उच्च रक्तदाब हे या आजाराचे प्रमुख कारण आहे आणि आगळात भरपूर मीठ असते, म्हणून कोकम औषधी मानून रोज आगळ पिणे रक्तदाबाच्या रुग्णांना योग्य नाही. अचानक हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे किंवा तीव्र डोकेदुखी होताच घरगुती काढ्यात वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे; तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

नियमन : वनस्पतींच्या प्रमाणित अर्काला औषध म्हणून मान्यता मिळवण्यासाठी भारतात 2015 पासून 'फायटोफार्मास्युटिकल' हा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात किमान चार घटकांचे मोजमाप आवश्यक असते. कोकणातील शेतकऱ्याच्या कोकमाला औषधाचा दर्जा मिळायचा असेल, तर सुरक्षितता, मात्रा व परिणाम सिद्ध करणारा हाच रस्ता आहे.