वालचंदांची गाडी आणि वालचंदांचा ऊस

१/ दौंड तालुक्यातील केडगाव-चौफुला परिसरात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी वर्षभर शेडमध्ये उभी आहे, अशी कल्पना करा. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. दोष कोठे शोधावा? उत्तराचा अर्धा भाग बॉनेटखाली आहे आणि अर्धा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या उसाच्या फडात. #थ्रेड

२/ सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० च्या दशकात शेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला. त्याभोवतीची वसाहत म्हणजे वालचंदनगर. १९४४ मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. ऊस आणि मोटार, दोन्ही स्वप्ने एकाच माणसाची.

३/ कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या सहकार्याने ‘११००’ बनू लागली. १९७० च्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या शहराच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली.

४/ तिचा इंधनमार्ग सरळ आहे. टाकी मागे, इंजिन पुढे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने हलणारा पंपाचा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पेट्रोल ओढून कार्बोरेटरच्या वाटीत सोडतो. वाटी भरली की तरंगता फ्लोट सुईच्या झडपेने वाट बंद करतो. पुढे बारीक छिद्रांच्या जेटमधून पेट्रोल हवेत मिसळते.

५/ प्लगला ठिणगी मिळते याची खात्री झाली, की शोध इंजिनाकडून टाकीकडे उलटा न्यावा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने ओढावा. पेट्रोलची चिळकांडी उडाली, तर वाटीत इंधन आहे; संशय जेटमधील कचऱ्यावर. चिळकांडी नसेल, तर मागे सरकावे.

६/ इग्निशनची जोडणी सोडवून पंपाची नळी बाटलीत धरावी आणि स्टार्टर फिरवावा. जवळ विडी-काडी नको. ठोक्याठोक्याने पेट्रोल आले, तर सुईची झडप अडकलेली. आले नाही, तर पंपाची ओढणारी नळी स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात बुडवून पुन्हा पाहावे. आता आले, तर टाकी, तिच्या झाकणाचे हवाछिद्र किंवा लांब नळी दोषी. तरीही कोरडेच, तर बहुधा डायफ्रॅम फाटलेला. इंजिन ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास आला, तर ती त्याचीच साक्ष.

७/ आता इतिहास. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळल्यास इंजिनाचे ठोके थांबतात, असे आढळले. पुढची कित्येक दशके जग शिसेयुक्त पेट्रोलवर धावले आणि पद्मिनीची घडणही त्याच काळातली. शिशाचे विष ओळखून भारताने फेब्रुवारी २००० पर्यंत देशभर शिसेविरहित पेट्रोल आणले.

८/ मद्यार्काची कथा त्याहून जुन्या वळणाची. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी १९४८ मध्येच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ झाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि त्यानंतर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर आले. उसाच्या मळीतून आणि रसातून निघणाऱ्या इथेनॉलने साखर कारखान्यांना नवे उत्पन्न दिले, तेलाची आयातही काही प्रमाणात वाचवली.

९/ मात्र इथेनॉल हवेतील पाणी शोषते. पाणी वाढले, की ते मद्यार्कासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि गंज चढतो. जुन्या धाटणीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते. टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रण पातळ पडते आणि थंड इंजिन लवकर पेटत नाही.

१०/ तरी सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. वर्षभर उभ्या गाडीत शुद्ध पेट्रोलचाही चिकट राळेसारखा थर होतोच. उपाय खर्चिक नाहीत: इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि डायफ्रॅम बसवणे, गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी व वाटी रिकामी करणे, आणि कार्बोरेटर जाणणाऱ्या मिस्त्रीचा हात असेपर्यंत ती विद्या शिकून घेणे.

११/ वालचंदांच्या उसाचा मद्यार्क वालचंदांच्याच गाडीच्या पोटात पोहोचायला काही दशके लागली. दोघांचे जमवून देणे आता एका रबरी पडद्याच्या हाती आहे. गाडी भंगारवाल्याला देण्याआधी तो पडदा एकदा उघडून पाहावा. (समाप्त)