खिशातले घड्याळ : जपायचे ते काय?

१/ नाशिकच्या गावठाणातला एखादा जुना वाडा उतरवला जातो, तेव्हा फडताळातल्या डब्यातून कधीकधी एक खिशातले घड्याळ निघते. ते बहुधा बंद असते. घरच्यांना दोन वाटा सुचतात : चांदीच्या भावाने मोडीत देणे, किंवा घासूनपुसून, चकाकी देऊन काचेच्या कपाटात मांडणे. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही वाटांनी पुरावाच नष्ट होतो. हा थ्रेड तिसऱ्या वाटेविषयी आहे : असे घड्याळ वाचावे कसे आणि वाचण्याजोगे ठेवावे कसे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. ‘घड्याळ’ या शब्दाचे नाते घटिकेशी आहे. तळाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. ही गणना सूर्योदयापासून होई, म्हणून प्रत्येक गावाची वेळ त्या गावाचीच असे. रामकुंडावरचा मुहूर्त नाशिकच्या सूर्यावर ठरे.

३/ मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६५ मध्ये थळ घाटाचा, म्हणजे आपल्या कसारा घाटाचा, मार्ग खुला झाला आणि इगतपुरी-नाशिकचा मुलूख मुंबईशी लोहमार्गाने जोडला गेला. घाटात एकाच मार्गावर गाड्या सोडायच्या, तर प्रत्येक स्थानकावरचे घड्याळ सारखेच चालले पाहिजे. सूर्य गावोगाव वेगळा असला, तरी वेळापत्रक एकच असावे लागते.

४/ ही एक वेळ कोणती? १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. नाशिक मद्रासच्या सुमारे साडेसहा रेखांश पश्चिमेला आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे. म्हणजे नाशिकमध्ये सूर्य माथ्यावर येई, तेव्हा स्टेशनातले घड्याळ सरासरीने १२ वाजून २६ मिनिटे दाखवी. गंगाघाट आणि स्टेशन यांच्यात एका घटकेहून थोडे अधिक अंतर पडले होते!

५/ हे अंतर सर्वांनी मुकाट्याने मान्य केले नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावर मद्रास वेळ लागू केली. लोकविरोधामुळे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. नाशिकचा माध्यान्ह आजच्या घड्याळात सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो. दीड घटकेला केवळ एक मिनिट कमी.

६/ म्हणून त्या काळातल्या खिशातल्या घड्याळाला पहिला प्रश्न ‘किंमत किती?’ हा नसून ‘तू कोणाची वेळ दाखवत होतास?’ हा आहे. गार्ड, स्टेशनमास्तर, वकील, कारकून यांच्या खिशात दूरवरच्या शहराची वेळ टिकटिकत होती. ती घड्याळे विकणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनी, फाव्र-ल्युबा यांसारख्या पेढ्यांचा मुंबईत मोठा व्यापार होता. वेस्ट एंडच्या अनेक तबकड्यांवर ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ ही दोन्ही नावे आढळतात.

७/ आता ओळख. सुरुवात चावी कशी दिली जाते येथून करा. मागच्या बाजूला किल्लीसाठी छिद्र असेल, तर घड्याळ बहुधा एकोणिसाव्या शतकातले आहे. वरच्या मुठीने चावी देण्याची पद्धत १८४० च्या दशकात विकसित झाली आणि शतक सरता सरता सर्वत्र रुळली. इंग्रज कारागीर मात्र किल्लीला बराच काळ चिकटून राहिले. त्यामुळे या एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नये.

८/ चांदीवरचे ठसे भिंगाखाली पाहा. चालता सिंह म्हणजे इंग्लंडमधली ९२५ शुद्धतेची चांदी. सोबत नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासली गेली. शेजारचे अक्षर वर्ष सांगते. स्विस चांदीवर १८८० च्या कायद्यानंतर ०.८०० अंकासोबत रानकोंबडा आणि ०.८७५ सोबत अस्वल दिसते. पण ध्यानात असू द्या : ठसा डबीचे वय सांगतो, आतल्या यंत्राचे नव्हे. डब्या बदलल्या जात असत.

९/ आतल्या झाकणावर कधीकधी प्रदर्शनांतील पदके कोरलेली असतात, उदाहरणार्थ पॅरिस १८८९. अशी खूण म्हणजे इतिहासकाराला मिळालेली खालची मर्यादा : घड्याळ त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही. तबकडीवर विक्रेत्याच्या नावासोबत ‘स्विस मेड’ असेल, तर १८८९ चा इंडियन मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आठवा. परक्या मालावर इथल्या व्यापाऱ्याचे नाव घालायचे, तर मूळ देशही दाखवणे त्या काळापासून आवश्यक झाले.

१०/ पाठीवर जी.आय.पी. रेल्वेची आद्याक्षरे असतील, तर वरची मर्यादाही मिळते : ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. मात्र सावध राहा. रेल्वेच्या नावाला बाजारात भाव आहे, त्यामुळे अक्षरे नंतरही कोरली जातात आणि तबकड्या नव्याने रंगवल्या जातात. झिजलेल्या डबीवर कोरीव अक्षरांच्या कडा धारदार असतील, तर शंका घ्यावी. जुन्या मिन्याच्या तबकडीवर केसासारख्या बारीक चिरा असणे हा दोष नव्हे.

११/ आता जतन. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला हौसेने चावी देऊ नका. आतले तेल सुकून चिकट झालेले असते. कोरड्या यंत्राचे बारीक आस घासले जातात. आधी जुन्या यांत्रिक घड्याळांचे काम जाणणाऱ्या घड्याळजीकडून ते उघडून, साफ करून, तेल घालून घ्या. नंतर रोज ठरावीक वेळी चावी द्या आणि हाताला अटकाव जाणवताच थांबा.

१२/ झाकणाचे घड्याळ बंद करताना खटकन दाबू नका. मूठ दाबून धरा, झाकण मिटा, मग मूठ सोडा. नाहीतर झाकणाची ओठाळी झिजते आणि पुढे ते मिटेनासे होते. मागचे झाकण सुरीने उचकटू नका. मोबाइल आणि स्पीकरपासून घड्याळ दूर ठेवा. चुंबकत्वाने केसस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भरधाव पुढे पळू लागते.

१३/ चांदीला पॉलिश करण्याचा मोह आवरा. प्रत्येक घासणीत धातूचा पातळ थर जातो आणि त्याबरोबर ठसे व कोरीव नावे पुसट होतात. मऊ, कोरडे सुती कापड पुरे. पावसाळ्याची दमट हवा पोलादी भागांना गंज चढवते. म्हणून हवाबंद डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तबकडी आणि काट्यांवर अंधारात उजळणारा जुना रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. काच उघडू नका, खरवडू नका.

१४/ शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. या घड्याळावर निर्मात्याचे नाव आहे, विक्रेत्याचे आहे, कदाचित रेल्वेचेही आहे. ज्याच्या खिशात ते होते, त्याचे नाव बहुतेक वेळा कुठेच नसते. ते केवळ घरातल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते. गंज काढता येतो, तुटलेली कमान बदलता येते. ते स्मरण मात्र एकदा गेले की कोणताही घड्याळजी परत आणू शकत नाही.

१५/ म्हणून आज एवढेच करा. एका कागदावर लिहा : घड्याळ कोणाचे, ते कुठे नोकरीला होते, कोणाकडून कोणाकडे आले, केव्हा बंद पडले, दुरुस्तीत काय बदलले. ठशांची छायाचित्रे काढा. ऐकीव आणि खात्रीची माहिती वेगळी नोंदवा, खाली तारीख घाला आणि कागद डबीसोबत ठेवा. घड्याळ पुन्हा चालले नाही तरी हरकत नाही. ते बोलते राहिले पाहिजे.