चार दिवसांचा आजार, जन्माचे दुखणे : रायगड किनाऱ्यावरचा आरोग्यविमा

खासगी आरोग्यविम्याने आजारांचे दोन गट पहिल्यापासून वेगळे ठेवले. रुग्णालयात दाखल होऊन थोड्या दिवसांत बरा होणारा आजार एका गटात, गोळ्या-पथ्यावर वर्षानुवर्षे चालणारे दुखणे दुसऱ्यात. पहिल्याचा खर्च विम्याने उचलला, दुसऱ्याला बराच काळ दारातच थांबवले. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर या भेदाचा अनुभव नोकरी, खासगी विमा आणि शासकीय योजना अशा तीन वाटांनी आला.

पहिली वाट मुंबईतून आली. 1948 च्या कायद्याने आखलेली कर्मचारी राज्य विमा योजना 1954 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड, जिल्ह्यातून गिरण्यांत गेलेले कामगार तिच्या कक्षेत आले. या योजनेत लांबलेला आजार हे जादा मदतीचे कारण ठरले. आजच्या नियमांनुसार साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग यांसारख्या 34 दीर्घ आजारांत 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. हा लाभ पगारातून वर्गणी कापली जाणाऱ्यांपुरताच होता. होडीवरचा खलाशी, मिठागरातला मजूर, नारळ-सुपारीच्या वाडीचा मालक त्याबाहेर राहिले.

त्यांच्यासाठी दुसरी वाट 1986 मध्ये उघडली. राष्ट्रीयीकृत सर्वसाधारण विम्याच्या न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी बाजारात आणली. तिचे माप रुग्णालयातला मुक्काम हे होते. किमान 24 तास दाखल असणे आवश्यक, पहिल्या 30 दिवसांतल्या आजाराचा दावा नामंजूर, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून मान्य. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांना पहिले वर्ष वगळले होते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेले दुखणे तर कायमचे बाहेर होते. घरी राहून घेतलेल्या उपचारांची मर्यादित सोय होती, पण मधुमेह, रक्तदाब, दमा आणि अपस्मार त्यातूनही वगळलेले.

यामागे विम्याचा हिशेब होता. दुखणे उघड झाल्यावरच लोक पॉलिसी घेऊ लागले, तर निरोगी माणसांचा हप्ता वाढतो, ते बाहेर पडतात आणि निधी आटतो. त्यामुळे पोफळीवरून पडून हाड मोडलेल्या माणसाचा दावा सरळ मंजूर होई. त्याच घरातल्या जुन्या मधुमेहाच्या रुग्णाचा पायाच्या जखमेचा दावा नाकारला जाई. रुग्णालयाच्या व्याख्येचीही अडचण होती. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा असाव्यात, ही अट लहान दवाखान्यांना जड जाते.

थळचा खत कारखाना आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांमुळे किनाऱ्यावर नोकरदार वर्ग वाढला. मालकाने एकत्रित घेतलेल्या सामूहिक विम्यात निरोगी आणि आजारी दोघेही आपोआप येतात, म्हणून जुन्या दुखण्याची अट बहुधा माफ असते. निवृत्तीने नोकरी सुटली की हे छत्र सहसा जाते, आणि दीर्घ आजार बळावण्याचे वय नेमके तेच असते.

1999 च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. त्यानंतर अटी हळूहळू सैल झाल्या. 2011 मध्ये प्रतीक्षाकाळाचे श्रेय न गमावता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली; 2013 च्या नियमांनी आजीवन नूतनीकरण आणले, म्हणजे आजार जडला म्हणून पॉलिसी बंद करता येईना. जुन्या आजारासाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ 48 महिन्यांवरून 2024 मध्ये 36 महिन्यांवर आला. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही.

तिसरी वाट राज्य शासनाची. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता. पात्र कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत 972 उपचार मोफत मिळू लागले आणि आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून मान्य झाले. डायलिसिस व केमोथेरपीसारखे वारंवारचे उपचार त्यात आले. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. पुढे मर्यादा 5 लाखांवर गेली.

तरी रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी आणि डॉक्टरांची नेहमीची फी शासकीय योजनेत आणि बहुतेक खासगी पॉलिसींत अजूनही बाहेरच आहे. मधुमेहाने पाय कापायची वेळ आली तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. तो पाय वाचवणारे वर्षानुवर्षांचे औषधपाणी घरच्या खर्चातून, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून होते.