गोट्या, कडी आणि कॉर्निया

पुण्यात लेझरनं चष्मा घालवायला गेलात, तर नंबर तपासून लगेच ऑपरेशनची तारीख मिळत नाही. आधी टोपोग्राफी. हनुवटी टेकवा, समोर बघा, की स्क्रीनवर लाल-पिवळा-निळा नकाशा हजर. पण कॉर्नियाचा बाक तर साध्या केरॅटोमीटरवरही मोजता येतो. मग हा जास्तीचा खर्च कशाला?

उत्तरासाठी ४०० वर्षं मागं जाऊ. सन १६१९. ख्रिस्टोफ शाइनर नावाचा जेझुइट पाद्री. (सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी भांडला तोच.) कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. तो ओला आणि चकचकीत, म्हणजे फुगीर आरसाच. फुगवटा जितका जास्त, तितकं प्रतिबिंब लहान. शाइनरनं माणसाच्या डोळ्याशेजारी वेगवेगळ्या आकारांच्या काचेच्या गोट्या धरल्या. ज्या गोटीत खिडकी डोळ्यातल्या खिडकीएवढीच दिसली, तिचा बाक तोच कॉर्नियाचा. गोट्या खेळलेल्या माणसाला याहून सोपं काय सांगणार!

अडचण एकच, डोळा स्थिर राहत नाही. १८५०च्या दशकात हेल्महोल्ट्झनं खगोलशास्त्रातली युक्ती उचलली: एका प्रतिबिंबाची दोन करायची आणि कडेला कड टेकवायची. डोळा हलला तरी दोन्ही एकदमच हलतात. १८८१ मध्ये पॅरिसला जाव्हाल आणि श्योट्झ यांनी हे यंत्र दवाखान्यात वापरण्याजोगं केलं. आजचा केरॅटोमीटर त्याच घराण्यातला. हिशेब सोपा आहे: ३३७.५ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येनं भागा. ७.५ असेल तर ४५ डायोप्टर.

पण हा आकडा येतो कुठून? मधल्या साधारण ३ मिलिमीटरच्या घेरावरच्या चार जागांवरून. कॉर्निया असतो ११-१२ मिलिमीटर रुंद! उरलेला भाग गृहीत धरलेला. केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढं येतो, आणि हा शंकू बऱ्याचदा मध्याच्या खाली असतो. म्हणजे मशीन निवांतपणे ४४ दाखवणार. अशा डोळ्यावर लेझर मारलं तर आधीच कमकुवत कॉर्निया आणखी फुगतो आणि नजर बिघडत जाते.

गंमत म्हणजे यावरचा तोडगा १८८०चाच. पोर्तुगालच्या प्लासिडोनं काळ्या-पांढऱ्या कड्यांची तबकडी केली, मधे भोक. भोकातून डोळ्यातली कडी बघायची. जिथं ती दाटतात, तिथं चढ तीव्र. आकार दिसायचा, पण आकडे मिळायला १९८०च्या दशकातला कॉम्प्युटर यावा लागला.

पद्धत बदलली की रुग्णसंख्याही बदलते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ४८ डायोप्टर किंवा जास्त म्हणजे केरॅटोकोनस, असं धरून प्रमाण २.३ टक्के आलं. हीच रेषा ५० वर नेली की ते १ टक्क्याच्याही खाली. मला वाटतं, २.३ हा आकडा जपूनच वापरावा: नुसता तीव्र बाक म्हणजे आजार नव्हे, आणि सौम्य आजार या गाळणीतून सुटतो.

कड्या फक्त पुढची बाजू दाखवतात. मागची बाजू आणि जाडी दाखवणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यामागचं तत्त्व शाइम्फ्लुगचं. हा ऑस्ट्रियन लष्करातला कप्तान, आणि त्याला हवे होते आकाशातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे!

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती दिवस आधी काढायच्या, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. नाहीतर मशीन लेन्सनं दाबलेला बाकच मोजतं.