सुई टोचून मिळते, पंप शिकावा लागतो

नगर जिल्ह्यात थंडी पडली, ऊसतोड सुरू झाली की गावोगावच्या दवाखान्यांत एक मागणी हमखास ऐकू येते : "डॉक्टर, दम्याची सुई द्या." ही सुई बहुतेक वेळा डेरिफायलिनची असते. तिच्यातल्या थिओफिलिनचा शोध लागला चहाच्या पानांत. १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी ते वेगळं केलं.

दम्यावर पहिली गाजलेली सुई मात्र अ‍ॅड्रेनलिनची. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या बुलोवा आणि कॅप्लन या डॉक्टरांनी ती दमेकऱ्यांना टोचली. काही मिनिटांत श्वास मोकळा व्हायचा, पण छातीही धडधडायची. १९३०च्या दशकात थिओफिलिनपासून बनवलेलं अमिनोफिलिन शिरेतून देणं सुरू झालं. त्याची अडचण वेगळी. गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. घाईने शिरेत सोडलं तर उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, क्वचित झटकेही येतात.

पुढचा बदल एका मुलीच्या प्रश्नातून आला. १९५५ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांच्या एका दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही मिळत? वडील औषध कंपनीत मोठ्या पदावर होते. १९५६ मध्ये पंप बाजारात आला, १९६९ मध्ये साल्बुटामॉल. या औषधाची गोळी चार मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका दाबात त्याचा चाळिसावा भाग. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून एवढंसं पुरतं.

मग आपल्याकडे सुई का टिकली? कारण ती दिसते, टोचते, लगेच गुण देते आणि रुग्णाला काहीच शिकावं लागत नाही. पंपाचं तसं नाही. श्वास आत घेतानाच तो दाबायचा, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. दम्यात सूज उतरवणारा पंप तर बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा. हे कुणी नीट शिकवलं नाही, की पंप कुचकामी ठरतो आणि "पंपाची सवय लागते" ही समजूत पक्की होते. सुईने नळ्या काही तास मोकळ्या होतात. सूज तशीच राहते.

यात बायकांचं दुखणं आणखी मागे पडतं. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. आयुष्यात विडी न ओढलेल्या आजीची धाप मात्र घरात "वयाची" ठरते.

शिकवणं अशक्य आहे का? याच जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी शाळेची पायरीही न चढलेल्या अनेक बायकांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचं ज्ञान त्यांच्या हाती दिलं. जगाने त्याची दखल घेतली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जीव घाबरा करणारी धाप लागली तर दवाखाना गाठायलाच हवा. तिथे काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण दर आठवड्याला सुई लागत असेल, तर आजार आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डॉक्टरांना एकच सांगावं : पंप कसा घ्यायचा ते समोर घेऊन दाखवा.