ग्रॅनोला आणि कडक भाकरी

ओट, सुका मेवा आणि मध एकत्र भाजून केलेला, दुधांत घालून खावयाचा ‘ग्रॅनोला’ हा पदार्थ आतां सोलापूरच्या शिकल्यासवरल्या घरांतूनही न्याहारीला दिसूं लागला आहे. तो परदेशी व अगदीं नवा, अशी सर्वसाधारण समजूत. परदेशी तो खराच. पण नवा नव्हे. आणि त्याचें मूळचें रूप पाहिलें, तर सोलापूरकरास तें ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं.

१८६३ सालीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांतील डॅन्सव्हिल येथें डॉ. जेम्स केलेब जॅक्सन हे एक आरोग्यधाम चालवीत असत. तेथील रोग्यांसाठीं त्यांनीं कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची पातळ पोळी भट्टींत भाजली, तिचे तुकडे करून ते पुन्हां भाजले व मग भरडले. ह्या भरडीस नांव दिलें ‘ग्रॅन्यूला’. ती इतकी कठीण असे कीं, रात्रभर दुधांत भिजत घातल्यावांचून दांतांना दाद देत नसे! पुढें बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीं गहूं, ओट व मका यांचा तसाच पदार्थ काढला आणि नांवही तेंच ठेविलें. प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां ‘ग्रॅन्यूला’चें ‘ग्रॅनोला’ झालें. मध व मेवा हे अलंकार तिच्या अंगावर चढले ते १९६० नंतरच्या काळांत.

आतां आपल्याकडे पाहा. ज्वारीची वा बाजरीची भाकरी अगदीं पातळ थापावयाची, तव्यावर भाजावयाची आणि मंद आंचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवावयाची, ही सोलापूरची जुनी रीत. पाण्याचा अंश निघून गेला म्हणजे बुरशीला थारा राहत नाहीं; म्हणून ही भाकरी कित्येक दिवस टिकते. प्रवासांत शेंगांच्या चटणीबरोबर खावी, घरीं आमटींत किंवा दुधांत कुसकरावी. जॅक्सनसाहेबांनीं भट्टींत साधलें तेंच येथें चुलीवर साधलें गेलें. फरक इतकाच कीं, येथें कोणी नांवासाठीं न्यायालयांत गेलें नाहीं. जिनें ती प्रथम केली त्या बाईचें नांव तर कोणी विचारलेंही नाहीं.

ही रीत येथें रुजली याचें कारण जमिनींत आहे. पाऊस ओसरल्यावर काळ्या मातींत जी ओल उरते, तिच्यावर रब्बी ज्वारी वाढते. १८७६–७८ च्या दुष्काळानें ह्या जिल्ह्याला पावसाचा लहरीपणा पुरता शिकविला होता. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र १९३३ सालीं सोलापुरास निघालें, आणि त्याच दशकांत मोहोळ येथें स्थानिक मालदांडी ज्वारींतून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण मधल्या काळांत उजनीचें पाणी आलें, ऊंस आला, शहरांतल्या ताटांत गव्हाची पोळी प्रतिष्ठित झाली आणि भाकरी गरिबाची ठरली. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें; आतां तीच ज्वारी सुंदर डब्यांतून दामदुप्पट भावानें त्याच घरांत परत येत आहे. ही गंमत मला तरी फारशी गोड वाटत नाहीं.

तेव्हां ग्रॅनोला करावयाचाच असेल तर तो ज्वारीच्या पोह्यांचा करावा. तीन वाट्या पोहे, एक वाटी शेंगदाणे व अर्धी वाटी तीळ हीं निरनिराळीं भाजावीं. एकत्र भाजल्यास पोहे खुसखुशीत होण्यापूर्वींच तीळ करपतात. अर्धी वाटी गूळ थोड्या पाण्यांत विरघळवून किंचित् चिकट होऊं द्यावा, त्यांत दोन चमचे शेंगदाण्याचें तेल घालून सर्व जिन्नस कालवावे व अगदीं मंद आंचेवर पुन्हां परतावे. हें दुसरें भाजणें टाळूं नये. गुळांतलें पाणी त्यानेंच उडतें. गूळ वाढविण्याचा मोह आवरावा, कारण गूळही शेवटीं साखरच. मधुमेही माणसानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. मिश्रण पुरतें निवल्याशिवाय डब्यांत भरूं नये, नाहींतर वाफ धरून तें मऊ पडतें. दाण्यांचें तेल लवकर खवट होतें, म्हणून एका वेळीं पंधरा दिवसांपुरतेंच करावें. दुधाऐवजीं ताज्या दह्यांत घातलें तरी चालतें. सोलापूरच्या उन्हाळ्यांत तर तेंच अधिक बरें.