ध्वनीचे सांधेवाले

चंदीगड पाहावयास आलेल्या पाहुण्याला आपण कॅपिटॉल कॉम्प्लेक्स दाखवतो, उघडा हात दाखवतो, सुखना सरोवराच्या काठाने फिरवून आणतो आणि ल कॉर्ब्युझिए ह्या नावाचा उच्चार नेमका कसा करावा ह्यावर थोडा वाद घालून मोकळे होतो. हे शहर डोळ्यांनी पाहावयाचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु १९५५ साली उद्घाटन झालेल्या येथील उच्च न्यायालयात काश्मीरच्या विणकरांकडून विणवून घेतलेले जे प्रचंड पट टांगले गेले, ते केवळ शोभेसाठी नव्हते. काँक्रीटवरून परतणारा आवाज शोषून घेणे हेही त्यांचे काम होते. वकिलाचे म्हणणे न्यायाधीशापर्यंत पोचावे आणि तेच म्हणणे भिंतींनी पुन्हा ऐकवू नये, एवढी ही साधी अपेक्षा. आवाजाला वाट कोठे द्यावी आणि कोठे अडवावे, हा प्रश्न ह्या शहराच्या कर्त्यापुढे येथे असा उभा राहिला. पुढे तीनच वर्षांनी ब्रुसेल्समध्ये तो त्याच्यापुढे फार मोठ्या प्रमाणावर आला, आणि तेथे ज्या उपकरणाने तो सोडविला गेला, त्याच उपकरणाचे छोटे भावंड आज येथल्या एखाद्या सेक्टरात विजेची गिटार वाजविणाऱ्या मुलाच्या पायाखाली असते.

त्या मुलाच्या भाषेत त्या डब्यांना ‘पेडल लूपर’ आणि ‘अँप स्विचर’ म्हणतात. पहिला डबा गिटारचा आवाज निरनिराळ्या परिणाम-यंत्रांतून फिरवून आणतो वा त्यांना वगळून पुढे नेतो. दुसरा तो एका वर्धकाकडून दुसऱ्याकडे वळवितो. आगगाडीच्या सांधेवाल्याचे जे काम, तेच ह्यांचे. स्वतः सूर काढावयाचा नाही, सुराचा रूळ बदलावयाचा. ही कालची टूम आहे असे समजून दुकानदार दाखवील तो डबा पुष्कळ जण उचलतात. वास्तविक ह्या डब्याचे घराणे जुने आहे, आणि ते ठाऊक असले म्हणजे डबा निवडणेही सोपे जाते.

ह्या घराण्याची एक शाखा तर आपल्याच रंगभूमीवर नांदली. संगीत नाटकाच्या काळातला पायाचा ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना स्वरपट्टीच्या वर ओळीने बसविलेल्या त्या गोल मुठी आठवतील. एक मूठ ओढली की स्वरपत्त्यांचा एक संच बोलू लागे. दुसरी ओढली की दाबलेल्या स्वराबरोबर वरच्या सप्तकातला त्याचा जोडीदारही उमटे. पण नाट्यपद चालू असताना वादकाचे दोन्ही हात स्वरांवर आणि दोन्ही पाय भात्यावर. गायकाने तान टिपेला नेली आणि साथ भरदार करावयाची, तर मूठ कोणी ओढावी? कारागिरांनी ह्यावर काढलेली तोड मोठी मजेदार होती. पट्टीखाली गुडघ्याच्या उंचीवर दोन दांडे बसविलेले असत. वादकाने गुडघा बाहेर रेटला की झडप उघडून आवाज वाढे, आणि दुसऱ्या गुडघ्याने सगळे संच एकदम खुले होत. हात गुंतलेले असताना स्वराचा रंग कसा बदलावा, हा गिटारवाल्याचाही नेमका प्रश्न आहे. त्याचे पाय तरी मोकळे असतात.

विजेची गिटार १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत जन्मली. जॉर्ज ब्यूशॅम ह्याने तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून कंपनाचे विजेत रूपांतर केले. ही वीज अतिशय नाजूक. तिच्या वाटेवरची केबल हीही एक प्रकारची गळती असते. केबल जितकी लांब तितकी तिची धारिता अधिक, आणि तितके वरचे, चमकदार सूर अधिक गळतात. सर्वसाधारण केबलची धारिता मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरावी. पाच मीटरांच्या केबलवर एखाद्या वेटोळ्याची चमक साडेतीन हजार कंपनांच्या आसपास असेल, तर केबल पंधरा मीटरांची होताच ती दोन हजारांवर उतरते. गिटार तीच, बोटे तीच, आवाज मात्र कांबळे पांघरल्यासारखा. पुढे जे काही घडले त्याच्या मुळाशी हे एवढे गणित आहे.

१९६२ साली ‘मॅस्ट्रो फझटोन’ नावाची पायपेटी बाजारात आली. तिची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. त्यापूर्वी नॅशव्हिल येथे एका ध्वनिमुद्रणात यंत्र बिघडले आणि वाद्याचा आवाज फाटून उमटला. तो फाटका आवाजच लोकांना आवडला, तेव्हा तो मुद्दाम निर्माण करणारे यंत्र कारागिरांनी बनविले. १९६६ साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीतला ब्रॅड प्लंकेट हा वर्धकातील एका महागड्या खटक्याऐवजी स्वस्त फिरती कळ बसविण्याच्या खटपटीत होता. कळ फिरवताना आवाज माणसासारखा तोंड उघडमीट करू लागला. ती रचना ऑर्गनच्या पायदांड्यात बसविली आणि ‘वा-वा’ पेडल तयार झाले. ऑर्गनच्या गुडघ्यापासून निघालेली वाट अशी पुन्हा ऑर्गनच्या घरूनच गिटारपर्यंत आली. आपल्याकडे १९७१ च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ मध्ये अमृतसरला जन्मलेल्या भूपिंदर सिंगांची गिटार घरोघर पोचली. तोवर विजेच्या गिटारीला परकी म्हणण्याचे दिवस सरले होते.

एक पेडल होते तोवर ठीक होते. पाच-सहा झाली, एकामागून एक जोडली गेली, आणि वादकाच्या लक्षात आले की सगळी बंद ठेवली तरी आवाज मंदावलेलाच आहे. जुन्या पेडलांतला खटका बंद अवस्थेतही पेडलाचे अंतरंग वाटेला चिकटलेले ठेवी. प्रत्येक जण थोडा थोडा कर वसूल करी. शिवाय एका चालीतून दुसरीत जाताना एकाच मात्रेवर तीन पेडले बंद आणि दोन चालू करावयाची, म्हणजे वादन सोडून नाचच करावा लागे. वाट बदलणारा एखादा मध्यवर्ती सांधेवाला हवा होता, आणि तो टेलिफोनच्या कचेरीत केव्हाचा बसलेला होता.

तेथली कथा अशी. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यसंस्काराचे साहित्य पुरविण्याचा धंदा करी. आपल्या प्रतिस्पर्ध्याशी नाते असलेली टेलिफोनवरील बाई आपली गिऱ्हाइके तिकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. संशय खरा असो वा नसो, १८९१ साली त्याने बाईवाचून चालणाऱ्या टेलिफोन केंद्राचे पेटंट मिळविले, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे ते चालू झाले. सरकारी नोकरीत मत्सरातून एवढे उपयुक्त काही निपजल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अशा केंद्राचा आधार म्हणजे रिले. विद्युच्चुंबकाने एक पाते खेचावयाचे, आणि त्या पात्याने दुसऱ्याच प्रवाहाची वाट उघडावयाची वा मिटावयाची. हुकूम देणारी वीज वेगळी, वाहून जाणारी वीज वेगळी; दोघींची भेटही होत नाही. भारतातले पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ साली बसले ते येथून वर, सिमल्यास. साहजिकच होते, उन्हाळ्यात सगळे सरकार तेथे, आणि सरकारला एकमेकांशी बोलावयाचे फार.

ह्या रिलेने संगीताच्या दारात पाऊल टाकले ते ब्रुसेल्सला. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने कॉर्ब्युझिएला मंडप बांधावयास सांगितले. त्या वर्षांत त्याचा जीव चंदीगडात गुंतलेला, फेऱ्या इकडे चाललेल्या. तेव्हा मंडपाचे रूप बव्हंशी त्याच्या कचेरीतल्या यानिस झेनाकिस ह्या ग्रीक तरुणाने सिद्ध केले. झेनाकिस शिक्षणाने अभियंता आणि वृत्तीने संगीतकार. चंदीगडच्या सरकारी इमारतींच्या कामातही त्याचा हात होता. मंडपाच्या भिंती सरळ नव्हत्याच, ताणलेल्या वस्त्रासारख्या वळत वर गेल्या होत्या. येथील विधानसभेच्या मनोऱ्याकडे पाहताना त्या वळणाची जात ओळखीची वाटावी.

आत एडगार व्हारेझ ह्या वृद्ध संगीतकाराची आठ मिनिटांची ध्वनिफितीवरील रचना वाजे. मात्र ती वाजे म्हणणे अपुरे आहे. ती भिंतींवरून चाले. वळणदार पृष्ठभागावर तीनशेहून अधिक कर्णे बसविलेले होते. एका फितीवर तीन मार्गांत संगीत होते, आणि तिच्याबरोबर फिरणाऱ्या दुसऱ्या, पंधरा मार्गांच्या फितीवर संगीताचा एकही सूर नव्हता. तिच्यावर होते फक्त हुकूम. ह्या क्षणी ह्या रांगेतले कर्णे, पुढल्या क्षणी त्या. हे हुकूम टेलिफोन केंद्रात वापरतात तसल्या रिलेंकडे आणि निवडक-यंत्रांकडे जात, आणि सुमारे पाचशे श्रोत्यांच्या डोक्यावरून एक घंटानाद भिंतीच्या कडेने सरपटत दाराकडे निघून जाई. फिलिप्सच्या अधिकाऱ्यांना व्हारेझचे संगीत मुळीच पसंत नव्हते आणि दुसरा कोणी नेमावा असा त्यांचा आग्रह होता. कॉर्ब्युझिए अडून बसला म्हणून व्हारेझ राहिला. प्रदर्शन संपले आणि १९५९ च्या जानेवारीत मंडप पाडून टाकण्यात आला. ध्वनिमुद्रण राहिले, पण तो आवाज फिरला कसा हे ज्यांनी ऐकले त्यांनीच ऐकले.

हुकमाची वाट आणि सुराची वाट अलग करणे, ह्या एका कल्पनेवर आजचा प्रत्येक चांगला लूपर उभा आहे. लंडनचा पीट कॉर्निश १९७० नंतरच्या दशकात पिंक फ्लॉइडसारख्यांसाठी सगळी पेडले एका फळ्यावर बसवून देऊ लागला. त्याचा भर ‘बफर’वर, म्हणजे नाजूक वीज प्रथम सबळ करून मग तिला लांबच्या प्रवासाला धाडण्यावर. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ पासूनच्या आपल्या लहान पेडलांत बफर आणि अर्धवाहकाचा मूक खटका घातला. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉने पेडले कपाटात ठेवली आणि वादकाच्या पायाशी केवळ हुकमाच्या कळा आणल्या. उलट पक्षी, पेडल बंद असता धातूला धातू भिडून वाट सरळ जावी, मध्ये काहीच नको, असे म्हणणारा ‘ट्रू बायपास’वाद्यांचा पंथ वाढला. ह्या दोन पंथांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते दोघेही अर्धेच बरोबर आहेत. केबल सगळी मिळून पंधरा मीटर असेल तर केवळ सरळ वाटेने काय साधणार? आणि दहा पेडलांत दहा बफर घातले तर त्यांची खसखस ऐकू येणारच.

चंदीगडात राहणाऱ्याला लूपरची योजना समजावून सांगावयास नको. वेगवान रस्ता सेक्टराच्या कडेने जातो, घरांची दारे त्यावर उघडत नाहीत. ज्याला आत काम आहे त्यानेच आत वळावे. लूपरमध्ये प्रत्येक पेडल हा असा एक सेक्टर. कळ दाबली तरच सूर आत शिरतो, एरवी बाहेरून पुढे जातो. घेताना पाहावयाचे ते हे: वाटा किती, त्यांत सुराची वाट रिलेची आहे की अर्धवाहकाची, प्रवेशाशी बफर आहे का आणि तो बंद करता येतो का. जुन्या धाटणीचे फझ बफरामागे बसवले की चिडते. त्याला गिटारच्या लगत जागा द्यावी. कळ दाबताना कर्ण्यातून ‘टक्’ असा आवाज येत नाही ना, हे वर्धक मोठा करून दुकानातच ऐकावे. एका कळीने पाच वाटा एकदम बदलणारा, आठवण असलेला लूपर महाग पडतो, पण रंगमंचावर वाजविणाऱ्याला तोच परवडतो. आणि नावाने फसू नये: वाजविलेला तुकडा टिपून पुन्हापुन्हा ऐकविणाऱ्या पेटीलाही बाजारात लूपरच म्हणतात. तिचा ह्या कामाशी काही संबंध नाही.

अँप स्विचरची गोष्ट अधिक जोखमीची आहे. दोन वर्धक एका गिटारला जोडले की दोघांच्या अर्थिंगच्या तारा मिळून एक वेढा तयार होतो आणि पन्नास कंपनांची घरघर सुरू होते. तिच्यावर एक गावठी उपाय सर्वत्र चालतो, तो म्हणजे एका प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकणे. घरघर थांबते हे खरे. परंतु त्या वर्धकात कधी बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांपर्यंत येते, आणि वादकाचा हात वा ओठ मायक्रोफोनला लागला की मंडल पुरे होते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक श्रोत्यांसमोर असाच गेला. अर्थिंग नसलेला मायक्रोफोन त्याच्या हाती होता. म्हणून एका तरी बाहेरवाटेवर ट्रान्स्फॉर्मर असलेलाच स्विचर घ्यावा. त्यात सूर चुंबकाच्या मार्गाने पलीकडे जातो, तारेला तार लागत नाही, वेढा तुटतो आणि अर्थिंग जागच्या जागी राहते. दोन वर्धक एकत्र वाजविताना खर्ज हरवल्यासारखा वाटला, तर दोघांचे कर्णे उलट दिशांनी हलत आहेत असे समजावे. ती दिशा पालटणारी कळ चांगल्या स्विचरवर असते. जुन्या घरांतून भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रामागे तार असतेच असे नाही, तेव्हा डबा आणण्यापूर्वी वीजतंत्र्याला बोलावून ते तपासून घेतलेले बरे.

आणि व्हॉल्व्हच्या वर्धकांबद्दल एक. गिटारची वीज दोहोंकडे वाटणारा स्विचर निराळा आणि दोन वर्धकांमध्ये एकच कर्णा फिरविणारा निराळा. पहिल्यात प्रवाह क्षीण असतो, दुसऱ्यात वर्धकाची सगळी शक्ती असते. व्हॉल्व्हचा वर्धक चालू असताना त्याचा कर्णा काढून घेतला, तर आतल्या ट्रान्स्फॉर्मरवर व्होल्टेज चढते आणि तो जळू शकतो. म्हणून दुसऱ्या जातीच्या डब्यात मोकळ्या पडणाऱ्या वर्धकाला कर्ण्याऐवजी तेवढ्याच ओहमचा भार जोडण्याची सोय असावी लागते. ती आहे की नाही हे डब्याच्या पाठीवर छापलेले नसेल, तर दुकानदाराकडे त्याची माहितीपुस्तिका मागावी.